नखांवरून जात? पूर्ण पटलं नाही
नखं नीट दिसली की टार्डिग्रेडची (मॉसमध्ये राहणारा, आठ पायांचा सूक्ष्म प्राणी) जात म्हणजे स्पीशीज कळते असं म्हणतात, पण ते जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत ठीक. एकिनिस्कस या जीनसच्या पाठीवर चिलखतासारख्या प्लेट्स असतात, मिल्नेसियम या जीनसच्या घशात प्लॅकॉइडचे दांडे (अन्न चिरडणारे कडक तुकडे) नसतातच, ही दोन लगेच ओळखू येतात. गाडी अडते ती मॅक्रोबायोटस हुफेलांडी या जातीच्या गटात, तिथे पूर्ण वाढलेले प्राणी म्हणजे एकमेकांची झेरॉक्स आणि बराचसा फरक अंड्याच्या कवचावरच्या उलट्या पेल्यांसारख्या उंचवट्यांत. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी फ्रायबुर्गला सापडलेली, १८३४ साली वर्णन झालेली ही हुफेलांडी जात, नंतर कुठल्याही डोंगरावरच्या मॉसमध्ये तसं काही दिसलं की हुफेलांडीच लिहायचे, शेवटी १९९३ मध्ये तिचं नव्याने वर्णन करावं लागलं. त्यामुळे मॉस धुतल्यावर तळाचा गाळ टाकू नका, अंडी त्यातच असतात (मी पहिल्यांदा सगळा बेसिनमध्ये ओतला होता).