.२२ पिस्तूल: चेंबरपुढचं काजळीचं कडं निघंना

गोलाई_२५मीटर (लातूर)
.२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाचं स्पोर्ट पिस्तूल आहे. बॅरल फ्रेममध्ये पक्कं, सुटं होत नाही. मागच्या पूर्ण सफाईनंतर ९००च्या आसपास फैरी झाल्यात. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून नळीतले पीळ सुरू होतात तिथं काळं कडं धरलंय. काडतूस शेवटी मिलिमीटरभर अडतं, स्लाइड (वरचा सरकता भाग) अधूनमधून पुरती मिटत नाही. कॉपर सॉल्व्हंट (तांबं विरघळवणारं) दोनदा लावलं, ब्रॉन्झच्या ब्रशचे चाळीसेक फेरे मारले. पुसायचा कापडी पॅच निळा-हिरवा निघतो, कडं जिथल्या तिथं. आता स्टीलचा ब्रश मारावा का? महिनाअखेरीस स्टँडर्ड पिस्तूलची स्पर्धा आहे, १० सेकंदांच्या मालिकेत अडकलं तर संपलंच.

काजळी_काका (परभणी)
स्टील अजिबात नको. पिळांच्या कडा एकदा बोथट झाल्या की बॅरल गेलं.

निळा रंग तुमच्या ब्रशचाच आहे. त्या सॉल्व्हंटमधला अमोनिया ब्रॉन्झमधलं तांबं खातो आणि आपल्याला वाटतं बॅरल साफ होतंय. .२२ची साधी गोळी शिशाची, वर मेणाचा हात. तांबं मुळात आहेच कुठे? तुमचं कडं म्हणजे जळकी दारू, मेण आणि शिसं एकत्र भाजून बसलेलं. दारू पेटते तिथंच ताप सगळ्यात जास्त, म्हणून थर तिथंच. बाकीच्या नळीवर चाळीस फेरे मारून उपयोग नाही.

घासण्यापेक्षा भिजवणं महत्त्वाचं. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे ना ते उजेडात बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग कृषी सेवा केंद्रातून गवत कापायच्या ब्रश कटरची नायलॉन दोरी आणा, २ मिमीची, हातभर पुरे. एक टोक लायटरने तापवून गाठीसारखं फुगवा, दुसरं तिरकं कापून टोकदार करा. जुन्या सुती बनियनचा इंचभर चौकोन टोकात ओवून गाठीपर्यंत सरकवा, कार्बन सॉल्व्हंटमध्ये (काजळी विरघळवणाऱ्या द्रावात) भिजवा. टोक चेंबरकडून घालून मझलमधून (नळीच्या पुढच्या तोंडातून) काढा आणि पॅच कड्यावर येईतो ओढून तिथंच थांबवा. मझल खाली ठेवा, नाहीतर द्राव ट्रिगरच्या यंत्रणेत उतरतो. २० मिनिटं. दोरी बाहेर लोंबतीच राहू द्या, म्हणजे पॅच आत विसरायची भीती नाही. असं तीनदा, दर वेळी नवा पॅच.

मग पुल-थ्रू केबलवर (नळीतून ओढून काढायच्या तारेवर) .२२चा ब्रॉन्झ ब्रश, चेंबरकडून मझलकडे दहा-बारा वेळा. ब्रश मध्येच उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढूनच परत घालायचा. तरी सावली दिसली तर पॅचवर जेबी पेस्ट (नळी घासायची बारीक पेस्ट) घेऊन दहा वेळा ओढा, थांबा, बघा. पेस्टचा कण आत राहू देऊ नका, तीन-चार ओले पॅच लागतातच.

मोंढा_गॅरेज (नांदेड)
सॉल्व्हंट मागवायला वेळ नसेल तर जुना घरगुती काढा आहे: गाडीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल), पांढरं रॉकेल, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन आणि ॲसिटोन, चारही सम भाग. काजळीवर चांगला चालतो, शिशावर फारसा नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात ॲसिटोन भिजायच्या आधीच उडून जातं, ते वगळलं तरी चालतं. घातलं तर प्लॅस्टिकच्या ग्रिपला लागू देऊ नका. गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा दोन्हींपासून लांब, खिडकी उघडी.

गोलाई_२५मीटर
ठीक. दोन शंका. आमच्या इथला गॅरेजवाला म्हणतो कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुवायचा स्प्रे) मार. ग्रुपवर एकाने व्हिनेगर-पेरॉक्साइड सांगितलंय. आणि नळीत बघायला मोबाइलला लावायचा कॅमेरा घ्यावा का?

काजळी_काका
कार्ब क्लीनर मऊ काजळी धुतो, भाजलेली नाही. धातूवरचं तेल मात्र पार पुसून नेतो. पावसाळ्यात तसंच ठेवलं तर गंज आलाच. व्हिनेगर-पेरॉक्साइड बिलकुल नाही. शिशाचं ॲसिटेट तयार होतं, ते पाण्यात विरघळणारं विष आहे, शिवाय पोलादही खरवडलं जातं. ब्रासो (पितळेचं पॉलिश) पण नको. बोअरवेलचं पाणी गरम करून धुणं तर राहूच द्या, क्षार मागे राहतात.

कॅमेरा घ्या, पण ३.९ मिमीचा. बाजारात सर्रास मिळतो तो ५.५ मिमीचा. .२२ बॅरलची नळी पिळांच्या उंचवट्यांवर साधारण ५.५ मिमीच भरते, म्हणजे तो अडकणार. आरशाचं टोपण असलं तर पिळांच्या भिंती दिसतात. चंदेरी पापुद्रा दिसला तर शिसं, निस्तेज काळी सावली दिसली तर काजळी. शिशासाठी ब्रशला तांब्याच्या घासणीचे चार धागे गुंडाळा, पण घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर ती आतून स्टीलची, भांड्यांनाच ठेवा.

नियमात_राहू (छत्रपती संभाजीनगर)
कडं खरवडून घ्यायला लेथवाल्याकडे जाऊ नका. आर्म्स ॲक्ट १९५९च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवानाधारक आर्मररकडेच न्या. वापरलेल्या पॅचमध्ये शिसं असतं, ते चुलीत घालू नका, पिशवीत बांधून ठेवा. हात साबणाने, थंड पाण्याने धुवा.

मोंढा_गॅरेज
शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि गोळी झाडायच्या आधी कोरडा पॅच ओढून ते काढा. .२२चं बॅरल साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा फैरी इकडेतिकडे जातात, शिशा-मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत. म्हणून ही सफाई स्पर्धेच्या आदल्या रात्री नको. मध्ये एक सरावाचा दिवस राहू द्या. पुढे दर ३०० फैरींनी फक्त चेंबरपुढचा एक ओला पॅच, बॅरल कोमट असतानाच.