अजिंठा पावसाळ्यात
पावसाळ्यात अजिंठ्याला जाऊन काय दिसणार असं विचारलंत म्हणून लिहितेय, नक्की जा! वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्याच कड्यात सगळी लेणी कोरलीत, समोरच्या व्ह्यूपॉइंटवरून हिरवागार डोंगर, धबधबा आणि लेण्यांची रांग एकदम दिसते ना, पाय निघत नाही तिथून. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला पण लेणी अशी अचानकच दिसली होती.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मात्र घाई करू नका, आत अंधार असतो, डोळे सरावले की मग ती झुकलेली नजर हळूहळू दिसायला लागते, मला तर भरूनच आलं. घरी आल्यावर कित्येक वर्षांनी ड्रॉइंगची वही काढली मी. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात.