सेशेल्समध्ये शिडाची बोट : महिना कोणता निवडावा?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक):
आम्ही चौघे सेशेल्समध्ये आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहण्याचा बेत करत आहोत. मात्र आमचा अनुभव गंगापूर धरणाच्या बोट क्लबपुरताच असल्याने, केव्हा जावे आणि बोट कोणती घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
मे ते सप्टेंबर तेथे आग्नेयेकडून जोरकस व्यापारी वारे वाहतात आणि डिसेंबर ते मार्च वायव्येकडून पावसाळी वारे येतात, म्हणून नवख्यांनी मधला एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडावा. वारा पडला तर इंजिन लावावे लागते (शिडाच्या हौशीला तेवढाच बट्टा), पण माहे ते प्रालँ या तिथल्या बेटांमधले सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर सुखाने कापले जाते.

उत्तर २:
दोन सांगाड्यांची कॅटामरान घ्यावी, कारण ती कमी डोलते. परवाना नसल्यास कप्तानही सोबत घ्यावा. आम्ही पैसे वाचवायला एका सांगाड्याची बोट घेतली आणि पहिल्याच रात्री, नांगर टाकलेला असतानाही, चहाचे पातेले शेगडीवरून घसरून माझ्या पायांशी आले. क्युरियूझ बेटावरची मोकळी फिरणारी महाकाय कासवे मात्र चुकवू नयेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आईला बोट लागते, तेव्हा ऑक्टोबर आणि कॅटामरान हेच ठरवतो.