तिकीट माफ, पण गाडी कुठाय?
'गाड्यांचा त्रास शहरात, कोकणात रस्ते मोकळे, घरटी गाडी झाली तर बिघडलं काय?' असं एकाने विचारलंय. गणपतीतला मुंबई-गोवा हायवेवरचा खोळंबा सोडा, तो सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गुहागरकडच्या वाडीत पूर्वी मुक्कामाची एसटी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे तीच गाडी चिपळूणला. मग दारोदार दुचाकी आल्या, चाकरमान्यांनी मारुती घेतल्या, एसटीत चार टाळकी उरली आणि फेरी बंद झाली. दोष डेपोचा नाही, चढायचं आम्हीच सोडलं.

गंमत म्हणजे २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे. आमची आते त्र्याऐंशीची. तिला तिकीट लागत नाही, पण बसायला गाडीच नाही! डोळे दाखवायला चिपळूणला जायचं तर रिक्षावाला हजाराच्या खाली बोलत नाही, नाहीतर चुलतभावाच्या सवडीची वाट बघायची (आणि आंब्याच्या दिवसांत त्याला सवड कसली?). शेवटी मार्चमधली तारीख जूनवर गेली. गाडी माझ्याकडेही आहे, पण ती पुण्यात.