मदत हवी आहे : ‘गदारोळ’ लिहावे की ‘गोंधळ’?

पायवाट : या दोन शब्दांतला नेमका फरक कोणी सांगेल का? एका वाक्यावर अडलो आहे आणि मजकूर आज रात्रीच द्यायचा आहे. कोश चाळून झाले आहेत, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नये.

रेवती_क : वाक्य न देता शब्द कसा सुचवणार? मजकूर बातमीचा आहे, कथेचा की तक्रारीचा, तेही कळवावे.

अण्णा मिरजकर : ‘गोंधळ’ मुळीच लिहू नये. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळी येतात आणि दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने अंबाबाईला आवाहन करतात. त्या विधीचे नाव भांडणाला द्यावे हे मला पटत नाही.

रेवती_क : अण्णा, मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही विधीसोबत अव्यवस्था हा अर्थ आहे, त्यामुळे आता फार उशीर झाला. मूळ प्रश्नाबद्दल : गोंधळ एकट्या माणसाचाही उडतो, कागदपत्रांचाही होतो आणि त्याला आवाज लागत नाही. गदारोळाला अनेक तोंडे आणि वादाचा विषय लागतो, म्हणून तो विधानसभेच्या बातम्यांत दिसतो. शाळा सुटल्यावर मुले करतात तो नुसता गलका.

पायवाट : वाक्य असे आहे : ‘देखभाल शुल्कवाढीचा ठराव मांडताच सभेत ___ झाला.’ सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त आहे, हे उघडच होते.

गिरणगावकर : सरळ ‘राडा’ लिहा, सगळ्यांना कळते.

रेवती_क : राडा म्हटले की हातघाई आली, आणि इतिवृत्ताला ती भाषा शोभतही नाही. कोणी हात उचलला होता का?

पायवाट : नाही. एक खुर्ची पडली, तीही धक्क्याने.

काळा कोट : ‘दंगा’ तर चुकूनही लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 191 नुसार तो गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव व बळाचा वा हिंसेचा वापर लागतो.

सदनिका 12 : महाराष्ट्रात सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान आकारावे लागते. तुमची वाढ क्षेत्रफळानुसार आहे का?

पायवाट : तो माझा प्रश्न नाही. ‘गदारोळ माजला’ चालेल का?

रेवती_क : ‘माजला’मध्ये लिहिणाऱ्याची नापसंती डोकावते, ‘झाला’ तटस्थ आहे. ‘गदारोळ झाल्यामुळे मतदान होऊ शकले नाही’ असे लिहा.

पायवाट : मतदान झाले होते आणि ठराव मंजूरही झाला. ‘गदारोळ झाला’ एवढेच ठेवतो.