लॅपसाठी सिस्टिमचं घड्याळ नको
रावेर, यावल, चोपड्याच्या केळीभावाच्या फायली एकामागोमाग वाचणाऱ्या पायथन स्क्रिप्टला लॅप लावायचे, म्हणजे प्रत्येक फायलीला लागलेला वेळ वेगळा मोजायचा, तर टाइम.टाइम() पुरतं, असं काही जण म्हणतात. एकूण वेळेचा अंदाज घ्यायला चालेल, लॅपला नको. ते सिस्टिमचं घड्याळ. मधेच एनटीपीनं (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या यंत्रणेनं) मागे सरकवलं की लॅप चक्क उणे येतो. पायथन ३.३ पासून पर्फ_काउंटर() आहे, ते मागे जात नाही. प्रोसेस_टाइम() मात्र घेऊ नका, नेटची वाट पाहण्यात गेलेला वेळ ते मोजतच नाही, आणि अशा स्क्रिप्टचा जीव बहुतेक तिथेच अडकलेला असतो.

खरी गफलत वेगळीच होते. लॅप काढायला एकदा आणि 'मागचा' (आधीचा लॅप संपला तेव्हाची वेळ) बदलायला पुन्हा एकदा घड्याळ वाचलं, तर त्या दोन वाचनांमधला वेळ कुठल्याच लॅपमध्ये येत नाही. मधे प्रिंट असेल तर लॅपची बेरीज एकूण वेळेशी जुळतच नाही. एकदाच वाचा: आत्ता = पर्फ_काउंटर(), मग यादीत आत्ता − मागचा, मग मागचा = आत्ता. छापायचं ते सगळं शेवटी. पायथनऐवजी बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड शेलमध्ये) लिहिलं, तर तिथलं 'सेकंड्स' हे चल फक्त पूर्ण सेकंद देतं. बॅश ५ मधलं 'ईपॉकरिअलटाइम' मायक्रोसेकंद दाखवतं, पण तेही सिस्टिमचंच घड्याळ.