बॅटरी, सेल आणि आपलं नागपूरचं ऊन : तुमचे अनुभव सांगा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापणारे नऊ दिवस, संपता संपता आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली. तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच आठवड्यात बाबांच्या बीपीच्या मशीनमध्ये हौसेने चार्जेबल सेल टाकले, तर दुसऱ्याच दिवशी पडद्यावर बॅटरी संपल्याचं चिन्ह. बाबा रोज सकाळी बीपी लिहून ठेवतात, त्यामुळे हा विषय मला सोडून देता येत नाही. कोणत्या वस्तूत कोणता सेल टाकता, किती टिकला, काय बिघडलं, सविस्तर लिहा. नावाऐवजी आपली वस्ती लिहिली तरी चालेल.

महाल
ताई, सेल खराब नसावेत. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, चार्जेबल निकेलचा १.२ चा. चार मिळून ६ ऐवजी ४.८ होतात, आणि काही मशीनना ते कमी वाटतं. टॉर्च, खेळणी, वायरलेस माउस यांत मला कधी अडचण आली नाही, कारण हा सेल १.२ वर बराच वेळ टिकून राहतो. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्यापासून उतरतच जातो. मशीनच्या पुस्तिकेत चार्जेबल सेल चालतात का ते पहा. नसतील चालत तर त्याच कंपनीचा अडॅप्टर घ्या.

आणखी एक. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. त्यातला अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटतात. तो कायमचा जातो. मी एकत्र घेतलेल्या सेलवर मार्करने एकच अक्षर लिहितो, म्हणजे नातवंडांनी काढले तरी संच मोडत नाही.

धरमपेठ
बर्डीच्या फुटपाथवरून ४००० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले पेन्सिल सेल आणले होते. मुलाची गाडी दहा मिनिटंही धावेना. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर एकेक जेमतेम १४ ग्रॅम. चांगला निकेलचा पेन्सिल सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. त्या आकारात ४००० मावतच नाही, २००० ते २५०० खरे. आता २००० चे, ठेवल्या ठेवल्या कमी उतरणारे घेते. सान्योने २००५ मध्ये एनेलूप काढले तेव्हापासून असे सेल मिळतात. जुन्या पद्धतीचे निकेल सेल आपल्या उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात उतरायचे. हे महिनोन्महिने तयार असतात.

मानेवाडा
भिंतीवरच्या घड्याळात आणि रिमोटमध्ये मी चार्जेबल टाकत नाही. साधा सेल वर्षभर जातो, मग कशाला? फक्त दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक रिमोटचं झाकण उघडून पाहते. अल्कलाइन गळून पांढरी पूड आली तर हातमोजे घालून कापसाला व्हिनेगर लावून पुसायची. वेळीच पुसल्याने सासऱ्यांचा रेडिओ वाचला.

प्रतापनगर
इन्व्हर्टरबद्दल मोठं लिहितो, कारण मी दोन बॅटऱ्या गमावल्यात. पहिली गच्चीच्या जिन्याखाली होती, पश्चिमेची भिंत. दुपारी तिथे हात ठेववत नसे. इन्व्हर्टरच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. बाहेर ४५ असताना त्या कोपऱ्यात काय असेल, विचार करा. दुसरी गेली पाण्यामुळे. मेकॅनिकने आरओचं पाणी चालतं म्हणून सांगितलं, मी दीड वर्ष तेच घातलं. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरच हवं, आणि आम्ल कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी.

आता १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटची बॅटरी उत्तरेच्या हवेशीर व्हरांड्यात आहे. मार्च ते जून दर महिन्याला पातळी पाहतो, पावसाळ्यापासून दोन-तीन महिन्यांनी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका, जवळ उदबत्तीही नको. कूलर मी इन्व्हर्टरवरून काढला. लाइन गेली की फक्त पंखा आणि दिवे. या मे महिन्यात बॅटरीला पाच वर्षं झाली.

सदर
मोबाइल, पॉवर बँक आणि बऱ्याच ट्रिमरमध्ये लिथियम असतं. ते पूर्ण उतरवून मग चार्ज करायचं, हा जुना सल्ला निकेल-कॅडमियमच्या जुन्या चार्जेबल सेलच्या काळातला. वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा. माझी पॉवर बँक मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिली आणि फुगली. फुगलेली दाबू नका, चार्ज तर अजिबात नको. मी ती मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवून अंगणात काढली आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. कचरागाडीत टाकू नका, गाडीतच पेटू शकते.

गोकुळपेठ
चार्जर कूलरच्या झोताजवळ ठेवू नका. थेंब उडतात, आमचा त्यातच गेला. सेल पहाटे चार्ज करा, खोली तेव्हाच जरा थंड असते.

धागाकर्ती
महालच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तिका शोधली. त्यात फक्त अल्कलाइन, असं स्पष्ट छापलंय. अडॅप्टर मागवला आहे. चार्जेबल सेल टॉर्चमध्ये गेले. काट्यावर प्रत्येक २७ ग्रॅम भरला. इन्व्हर्टरची नवी बॅटरी उद्या येते. जागा उत्तरेच्या खिडकीखाली ठरवली, पण तिथे पावसाची झड येते. प्रतापनगरचे दादा, तुमच्या व्हरांड्यात झडीसाठी काय केलंय?